बिनगिअरची गाडी

माझ्या बायकोला गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवता येते, हे मला लग्नाच्या चौथ्या वर्षी बडनेऱ्याच्या रस्त्यावर कळलं. पुढची दोन वर्षं मी ते होता होईल तो कोणाला कळू दिलं नाही.

वऱ्हाड तेव्हा नुकतंच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं होतं. मी अमरावतीच्या कोर्टात वकिली करत होतो. अकोल्याच्या एका कापूस कंपनीतला गोरा मॅनेजर कायमचा विलायतेला परत चालला होता, त्याचे कागदपत्र मी करून दिले. त्याच्याजवळ एक गाडी होती. बुटकी, उघडी, गडद हिरवी, दोनच माणसांची. पुढे लांबलचक बॉनेट, आणि दोन सीटांच्या मधे मुठीत मावेल एवढा गिअरचा दांडा. शर्यतीच्या जातीची गाडी आहे, असं तो म्हणाला. मी तिच्याभोवती तीनदा फिरलो असेन. त्यानं ती मलाच दिली.

गाडी घेतली खरी, पण ती माझं ऐकेना. मी त्यापूर्वी काकांची जुनी मोटर थोडीफार चालवली होती, तेवढ्या शिदोरीवर मी अकोल्याहून निघालो. अमरावती येईपर्यंत गिअर इतके कराकरा वाजले की मूर्तिजापूरला चहा प्यायला थांबलो तेव्हा माझे दात शिवशिवत होते. कोर्टाच्या आवारात शिरलो की बाररूमच्या खिडकीत माणसं जमायची. एक ज्येष्ठ वकील रोज विचारायचे, "काय वकीलसाहेब, आज सुपारी किती कातरली?"

शेवटी मी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला गाठलं. त्याची हयात मोटरी दुरुस्त करण्यात गेली होती. दर रविवारी सकाळी कॅम्पातल्या मोकळ्या मैदानावर तो मला शिकवायचा. या गाडीचा पहिला गिअर चालत्या गाडीत टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागे आणि मधल्या क्षणाला इंजिनाचा वेग जरा वाढवावा लागे. तो क्षण मला सापडत नसे. कधी मी त्याच्या आधी पोचायचो, कधी नंतर.

बायको बरोबर यायची. डबा घेऊन निंबाखाली बसायची. ती दर्यापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या वडिलांचे बैल शंकरपटाच्या शर्यतीत पळायचे, आणि लहानपणी सरावाच्या वेळी ती त्यांच्याजवळ छकड्यात बसायची. एका रविवारी मी तिच्या समोरून गेलो तेव्हा ती पुटपुटली, "आता बदलवा." मी बदलला नाही, पुढे जाऊन बदलला, आणि कर्रर झालं. दुसऱ्या फेरीला पुन्हा, "आता." मिस्त्रीनं गाडी थांबवायला सांगितली.

"वकीलसाब, उतरो. बाईसाब को बैठने दो."

मी हसलो. तीही हसली, पण बसली. पदर कमरेला खोचला, दांड्यावर हात ठेवला आणि मिस्त्रीला विचारलं, "हे असं खाली न् असं वर, एवढंच ना?" त्या दिवशी दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्या रविवारी ती बडनेऱ्याच्या रस्त्याला लागली. मिस्त्री तिच्या शेजारी बसला होता आणि मी सायकलवर मागून येत होतो. गाडी लांब जाताना आवाज ऐकू येत होता. एक सूर चढायचा, अलगद मोडायचा, दुसरा चढायचा. मधे काही नाही. परत आल्यावर मिस्त्री म्हणाला, "वाह." मला शिकवायला लागून त्याला चार महिने झाले होते. हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

त्या दिवसापासून माझ्या मनात जे काही सुरू झालं त्याला मी पुष्कळ नावं दिली. पेट्रोल वाया जातं म्हटलं. लोक काय म्हणतील म्हटलं. किल्ली मी कोटाच्या खिशात घालून कोर्टात नेऊ लागलो. ती कधी मागायची नाही. ती शेजारी बसायची, आणि तेच मला सोसवत नसे. माझा गिअर चुकायच्या जरा आधी तिची बोटं पदरावर घट्ट व्हायची. चूक व्हायच्या आधीच तिला कळायची. मला रस्ता दिसायचा कमी आणि ती बोटं जास्त.

एकदा मी विचारलंच, "तुला कसं कळतं?"

"गाडी सांगते ना," ती म्हणाली. "बैल कसा मान खाली घालते, तशी आवाज खाली घालते. तुमाले आयकू येत नाई काय?"

मला येत नव्हतं. मी म्हटलं, "येतं की."

त्या उन्हाळ्यात लहान मुलीला आईजवळ ठेवून आम्ही दोघं परतवाड्यावरून चिखलदऱ्याला निघालो. घाटाच्या एका वळणावर मला पहिला गिअर हवा होता आणि तो पडेना. गाडी बंद पडली, मागे घसरली, मी ब्रेक दाबून धरला. मागून बस येऊन थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बसमधले लोक खाली उतरून बघत उभे राहिले.

"मी घेऊ काय?" बायकोनं हळूच विचारलं.

"गप बस," मी म्हटलं.

तेवढ्यात बसचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "साहेब, बाई काय म्हणून राहिल्या ते तं आयका!"

मी उतरलो. बॉनेटला वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसायला किती पावलं लागतात ते मला अजून आठवतं. सात. तिनं गाडी सुरू केली आणि त्या चढावर, वळणात, लोकांच्या देखत अशी काढली की चाकाखालचा खडाही हलला नाही. वर रस्ता रुंद झाला तिथे बस पुढे गेली, आणि ड्रायव्हरनं कपाळाला हात लावून सलाम केला. माझ्याकडे बघून नाही.

विश्रामगृहात एक ओळखीचे इंजिनिअर भेटले. "ही गाडी घाटात चढवली? कोणी?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

बायको सामान उचलत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा सामान उचलू लागली.

यानंतर काही महिन्यांनी अकोल्याचा एक जिनिंगवाला माझ्याकडे खटल्याच्या कामानं आला. त्याच्याजवळ मोठी अमेरिकन गाडी होती. तिला गिअर बदलावाच लागत नसे. दांडा एकदा खाली ओढायचा आणि नुसतं पायानं चालवायचं, बाकी सगळं ती आपली आपण करी. त्याच्या मुलाचा जीव माझ्या छोट्या गाडीवर जडला होता. "अदलाबदल करू वकीलसाहेब," तो म्हणाला. "माझी गाडी म्हणजे आराम. कोणीही चालवावी."

कोणीही. त्या एका शब्दानं माझं काम केलं. ज्या गाडीत करण्यासारखं काही नाही, तिच्यात ती माझ्यापेक्षा चांगलं काय करणार? घरी मी वेगळंच सांगितलं. मुलगी मोठी होतेय, दोन सीटांची गाडी काय कामाची. आईला डोक्यावर ऊन लागतं. तुलाही सोपं जाईल.

आम्ही दोघं अकोल्याला गेलो. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि हवेत रुई उडत होती. जिनिंगवाला सज्जन माणूस. त्यानं माझ्या बायकोला मोठी गाडी चालवून बघायला सांगितली. तिनं आवाराला एक चक्कर मारली आणि उतरली.

"कशी वाटली वहिनी?"

"पलंगावर बसल्यावानी," ती म्हणाली. तो खूश झाला आणि कागद आणायला आत गेला.

मग ती माझ्याकडे वळली. "मले नको."

"का? इतकी चांगली गाडी."

"ते आपल्या मनानं बदलवते. मले इचारत नाई." "तुमाले ते कावून पायजे, ते मले मालूम हाये."

मी म्हटलं, "काय मालूम आहे?"

"चिखलदऱ्याले तुमी खोटं बोलले. मी काई म्हणलं? घ्याची असन तं घ्या. पण बाईसाठी घेतली असं कोणाले सांगजा नोका."

जिनिंगवाला कागद घेऊन आला. मी सही केली. पेन हातात असताना थांबता आलं असतं, आणि मी थांबलो नाही.

ती गाडी आमच्याकडे जवळजवळ वर्षभर होती. बाररूममधले बोलणं विसरले. गाडी मऊ होती, मोठी होती, तिच्यात मी चुकूच शकत नव्हतो. बायको मागे, मुलीजवळ बसू लागली. मुलीला खिडकीतून बाहेरचं दाखवायला, असं ती म्हणे. तिची बोटं आता मला दिसत नसत. वाटलं होतं की आता शांत वाटेल. पण कधी कामासाठी अकोल्याला गेलो आणि त्या हिरव्या गाडीचा आवाज गल्लीपलीकडून कानावर आला की मी बोलता बोलता थांबायचो. जिनिंगवाल्याचा मुलगा माझ्यापेक्षाही वाईट चालवायचा. तरी त्याचा हात त्या दांड्यावर आहे, हेच मला खुपे.

मग एका दुपारी, आम्ही तिघं अकोल्याहून परत येत असताना, काटेपूर्णा नदीच्या पुलाअलीकडे मोठी गाडी थांबली. इंजिन गुरगुरत होतं, दांडा जागेवर होता, पण चाकं हलत नव्हती. खाली तेलाचं थारोळं. मी दांडा वर केला, खाली केला. त्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतंच, मी अशीच गाडी मागून घेतली होती.

बाजूच्या वावरातल्या एका शेतकऱ्यानं दोन बैलजोड्या आणल्या. दोर बांधले. पुढची जोडी नवखी होती, मोटरीच्या वासानं बिथरत होती. बायको खाली उतरली, बैलांच्या कपाळावर हात फिरवला, काहीतरी बोलली. शेतकऱ्यानं आपण होऊन कासरा तिच्या हाती दिला. ती चालू लागली आणि मागून ती भलीमोठी गाडी निमूट निघाली, आत मी आणि मांडीवर मुलगी. मुलगी टाळ्या वाजवत होती. खरं सांगतो, मला त्या क्षणी बैलांचाही हेवा वाटला. तिच्या एका शब्दावर त्यांना कळत होतं कधी जोर लावायचा.

गाडी जवळच्या गावात नेऊन लावली, आणि दुसऱ्या दिवशी बसनं मिस्त्री तिथे आला. गाडीखाली शिरला आणि तसाच बाहेर आला. "इसके पेट में क्या है, मेरे को नहीं मालूम," तो म्हणाला. मुंबईहून सुटे भाग येऊन ती चालू व्हायला दोन महिने लागले.

ती चालू झाली तशी मी ती घेऊन एकटाच अकोल्याला गेलो आणि जिनिंगवाल्याला म्हटलं, "मला माझी गाडी परत हवी."

तो हसला. "घेऊन जा. आमच्या घरात ती कोणालाच जमली नाही. पोरानं महिन्याभरापासून तिला हात लावला नाही."

हिरवी गाडी मी चालवत आणली नाही. तिचा दुसरा गिअर जिनिंगवाल्याच्या मुलानं पार खिळखिळा करून ठेवला होता. मिस्त्रीनं ती तिथेच उघडली आणि सावकाश नीट केली. मग मी बायकोला घेऊन रेल्वेनं गेलो. आवारात किल्ली तिच्या हातात दिली तेव्हा माझ्या तोंडून एवढंच आलं, "तू घे. मला ती जमत नाही." या एका वाक्याला मला दोन वर्षं लागली होती. तिनं किल्ली घेतली. माझं वाक्य ऐकलं न ऐकलं असं केलं आणि पदर खोचला. मूर्तिजापूरपर्यंत मी आवाज ऐकत होतो. एक-दोनदा मलाही आधी कळलं, आता बदलेल म्हणून. आणि ती बदलायची.

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. तिनं लायसन काढलं तेव्हा परीक्षा घेणाऱ्या साहेबानं तिची तारीफ केली, आणि मी शेजारी उभा राहून माझ्या लायसनच्या वेळी तो काय म्हणाला होता ते आठवत बसलो. बाररूममध्ये कोणी विचारलं तर मी आता सांगायचो, की आमच्या घरात गाडी ती चालवते. सांगून झालं की लगेच कागदांत डोकं घालायचो.

पुढच्या वर्षी, पिकं निघाल्यावर, ती मुलीला शेजारी बसवून त्या उघड्या गाडीनं माहेरी गेली. पहिल्यांदाच माझ्याशिवाय. मी येत नाही म्हटलं, कोर्टाचं काम आहे म्हटलं. त्या गावात तिला गाडी चालवताना बघायला सगळे येणार, आणि मी शेजारच्या सीटवर, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं होतं.

गावात काय झालं ते मला नंतर तिच्या भावानं सांगितलं. अर्धं गाव वेशीवर आलं होतं. सासऱ्यांनी गाडीला सबंध वळसा घातला, चाकं पाहिली, दांडा हलवून पाहिला. मग विचारलं, "जावईबापू कावून नाई आले?"

"कोर्टात हायेत," ती म्हणाली.

"रैवारी कोर्ट असते काय वं?"

"त्याईचं असते," ती म्हणाली, आणि वडिलांना म्हणाली, "बसा बाबा, तुमाले फिरवून आणतो."