पासवर्ड बरोबर होता

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आनंदा शेजवळचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आधी टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, असा उघडून-उघडून शिकलेला माणूस. कोणी भुताखेताचा विषय काढला की म्हणायचा, "आधी करंट चेक करा."

२००९च्या मे महिन्यात त्याला बदलापूरहून, हेंद्रेपाड्यातून, शीलाताईंचा फोन आला. त्यांचा नवरा विक्रांत महिन्यापूर्वी गेला होता. अंबरनाथच्या एका बंद पडलेल्या केमिकल कारखान्यात तो टाइमकीपर होता. कोणता कामगार कुठल्या खात्यात किती वर्षं राबला, ते हजेरीचे कागद त्याने स्कॅन करून ठेवले होते. छातीचं दुखणं घेऊन घरी बसलेल्यांना भरपाई मागायला तेवढाच पुरावा. कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्याने अख्खी डिस्क कुलूपबंद केली होती. मशीन चालू केलं की काळा पडदा आधी पासवर्ड मागायचा.

"पासवर्ड ह्यांनी हॉस्पिटलात माझ्याकडून पाठ करून घेतला," शीलाताई म्हणाल्या. "पण टाइप करते तर काही उमटतच नाही. रोज बसते. भाऊ, ह्यांनाच नको असेल का हो?"

"काहीतरीच काय, ताई!"

त्या चहा टाकायला आत गेल्या. आनंदाने कीबोर्ड काढून दुसरीकडे खोचला, स्वतःचा आणलेला लावून पाहिला. कीबोर्डवरचा दिवासुद्धा लागेना. सेटिंगमध्ये शिरायचं तर त्यालाही कीबोर्डच लागतो. तो पडद्याकडे बघत बसला. काळ्या काचेत त्याच्या पाठीमागे कोणीतरी उभं होतं.

"ताई, यूएसबीच बंद केलेलं दिसतंय," तो म्हणाला.

"काय म्हणालात?" आवाज स्वयंपाकघरातून आला.

आनंदाच्या अंगावर सर्रकन काटा आला. काचेतला माणूस वाकला, त्याच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि कॅबिनेटच्या पाठीमागे बोट दाखवलं. आनंदा गर्रकन वळला. मागे नुसतं कपाट.

आपल्या कीबोर्डची वायर काढून सरळ निघावं म्हणून त्याने कॅबिनेट फिरवलं. मागच्या बाजूला धुळीचा थर होता, एक गोल खाच तेवढी स्वच्छ होती. परवापरवापर्यंत तिथे काहीतरी खोचलेलं असणार.

"इथे दुसरा कीबोर्ड होता?"

"होता की. अक्षरं पुसून गेलेली. तेराव्यानंतर माझ्या भावाने हा नवा आणला, मग जुना मी माळ्यावर टाकला."

जुना कीबोर्ड गोल पिनेचा निघाला. पेनड्राइव्ह लावून कोणी मशीन उघडू नये म्हणून विक्रांतने यूएसबी बंद ठेवलं होतं, आणि नवा कीबोर्ड नेमका यूएसबीचा. आनंदाने मशीन बंद करून जुना लावला. शीलाताईंनी एकेक कळ दाबली. पडद्यावर चांदण्या उमटत गेल्या, आणि कुलूप उघडलं. त्या पदर तोंडाशी धरून रडल्या.

संध्याकाळपर्यंत आनंदाने सगळे कागद सीडीवर उतरवले. पुढे त्यांच्या आधारावर अकरा घरांनी दावे लावले. काहींचे निकाली निघाले, काहींचे अजून चालू आहेत.

निघताना तो चपला घालत होता. शीलाताईंनी हळूच विचारलं, "भाऊ, हात कुठला होता? डावा?"

आनंदाने होकारार्थी मान हलवली.

"हे डावखुरे होते," त्या म्हणाल्या. "मलाही त्या काचेत रोज दाखवायचे. मी भिऊन डोळे मिटून घ्यायचे."