आहेरात पोलीस

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. कबूल? बरं, मग चहा घ्या आणि ऐका. माणसं लग्नाला जाताना आहेर नेतात. साडी नेतात, टॉवेल-टोपी नेतात, निदान स्टीलचा डबा तरी नेतात. मी पोलीस नेले. होय हो, पोलीस! सोबत ग्रामसेवक. आणि तेही बोलावणं नसताना!

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. आमचे हे रेल्वेत, डहाणूला. ते म्हणतात, "गाडी दिसायच्या आधीच तू हिरवा झेंडा दाखवून मोकळी होतेस." तेव्हा मला राग यायचा. आता येत नाही.

तर मी कासा गावाच्या पुढे डोंगराकडच्या एका शाळेत नववीला शिकवते. आम्हा काही शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवलं होतं. विषय काय? वयात आलेल्या मुलांना कायदा समजावून सांगायचा. नको तो स्पर्श, मोबाइलवर मागितले जाणारे फोटो, प्रेमप्रकरणं, बालविवाह, सगळं! जाताना मला धास्ती. हे असलं मी वर्गात बोलायचं? आणि ती मागच्या बाकावरची कार्टी फिदीफिदी हसणार नाहीत?

पण परत आले ती अशी पेटून, की विचारू नका! इतकी वर्षं आपण पोरांना भूमितीची प्रमेयं पाठ करून घेतली आणि जन्मभर उपयोगी पडेल ते सांगितलंच नाही? दुसऱ्याच दिवशी वर्गात शिरले, खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "गप्प बसणं म्हणजे 'हो' नव्हे."

मग वर्गाकडे वळले.

"समोरचा गप्प आहे, लाजतो आहे, खाली बघतो आहे, याचा अर्थ त्याला चालतंय असा काढायचा नाही. आपल्या मनाने अर्थ लावायचे नाहीत. काय? आणि अठराच्या आतल्या मुलीने किंवा मुलाने 'हो' म्हटलं, तरी कायदा ते 'हो' धरत नाही. लग्न तर मुलीचं अठराच्या आत नाही आणि मुलाचं एकवीसच्या आत नाही."

पोरं सुरुवातीला खाली माना घालून बसली होती. पण एकाने तोंड उघडलं आणि मग बांधच फुटला. "मॅडम, जत्रेत कोणी हात धरला तर?" "मॅडम, फोटो आधी दिला आणि आता तो सगळ्यांना दाखवीन म्हणतो, तर?" "मॅडम, माझ्या आत्याचं सोळाव्या वर्षी झालं, आता तिला पकडतील?" मी एकेकाला उत्तर देत होते आणि माझा आवाज असा चढला होता की शेजारच्या वर्गातल्या पोरांनाही कायदा आला असेल.

मग सराव. कुणी नको तसा हात लावला, ओढून न्यायला लागला, तर काय करायचं? "ओरडा! पळा! सांगा!" सगळ्यांकडून म्हणून घेतलं.

रमिला म्हणून एक चुणचुणीत मुलगी आहे. तिने हात वर केला. "मॅडम, ओळखीचा मानूस असला तर?"

"तरी ओरडायचं."

"आनि शिक्षक असला तर?"

"शिक्षक असला तर आणखी मोठ्याने ओरडायचं!" मी टेबलावर हात आपटून सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते विसरता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात तीच रमिला माझ्याकडे आली. सोबत तिची मैत्रीण वनिता. "मॅडम, शनवारी सुट्टी पायजे."

"कशाला गं?"

"घरी लगीन हाय."

"कुणाचं?"

रमिलाने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागली. गालातल्या गालात हसली आणि गप्प! वनिता तोंडावर हात ठेवून खुदखुदायला लागली.

माझ्या डोक्यात खाडकन दिवा लागला. अरे देवा! हिचंच!

आवाज शक्य तेवढा साधा ठेवून मी विचारलं, "नवरा काय करतो?"

"बोटीवर खलाशी हाय. गुजरातला. शिमग्याला येल, मंग लगेच उरकायचं. परत जायचं हाय ना त्याला."

"वय काय त्याचं?"

"असंल चाळीस."

"रमिला, तू... तू ओळखतेस त्याला?"

"हां! लहानपनापासून!"

"आणि तुला हे पसंत आहे?"

"लय! आई नको नको म्हनत व्हती. मीच मागं लागली, आता करूनच टाका. आता चांगला वागतो मॅडम. दारू पन सोडली."

सांगा, तुम्ही असता तर काय केलं असतं? पंधरा वर्षांची पोर, चाळिशीचा खलाशी, आई नको म्हणतेय आणि ही हसतेय! मी तिला काही बोलले नाही. प्रशिक्षणात सांगितलं होतं, घाबरवू नका. मी सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत.

सर शांत माणूस. म्हणाले, "मॅडम, एकदा तिच्या घरी जाऊन विचारून या की."

"विचारायला? सर, कुणकुण लागली तर ते पोरीला लगेच गुजरातला घेऊन जातील! एका मुलीचं आयुष्य आहे!"

सर गप्प बसले. आणि मी त्याचा अर्थ काय घेतला? "हो" असा.

ग्रामसेवकांना फोन केला. बालविवाह रोखायची जबाबदारी गावात त्यांचीच असते. हे भाऊसाहेब कोल्हापूरकडून नुकतेच बदलून आलेले. "पहिलीच केस हाय मॅडम, जोरात करूया!" म्हणाले. म्हणजे आमची जोडी कशी जमली बघा! त्यांनी चौकीवरून एक हवालदार मिळवले आणि शनिवारी आम्ही तिघं चारोटी नाक्यावरून जीप करून निघालो.

रमिलाच्या पाड्यावर पोचलो, तर मांडव, पताका, स्पीकर! जीप बघून पोरं नाचत आली. "बाई आल्या! आपल्या बाई आल्या! खुर्ची आना रे!" बघते तो माझा निम्मा वर्ग मांडवात. मनात म्हटलं, बघा, एकाही कार्ट्याने मला सांगितलं नाही!

मांडवात धवलेरी गात होती. आपल्याकडे भटजी लग्न लावतात, तसं इथे ही बाई गाणी म्हणत लग्न लावते. समोर नवरा उभा. मुंडावळ्यांखाली कानाजवळचे केस पिकलेले. नवरीच्या तोंडावर हनुवटीपर्यंत पदर. आणि तिला चिकटून रमिला, नवा घागरा घालून, हळदीने पिवळी झालेली!

आता पदराखाली दुसरंच कुणी आहे, हे एखाद्याच्या लक्षात आलं असतं की नाही? पण मी रमिलाची हळद बघितली आणि झालं! बाकीचं काही दिसेनाच.

"थांबवा!" मी अशी ओरडले की स्पीकरवाल्याने घाबरून स्पीकर बंद केला. धवलेरीचं गाणं अर्ध्यात तुटलं. मी नवऱ्यावर धावले. "लाज नाही वाटत तुम्हाला? जरा पोरीच्या वयाकडे बघा!"

नवऱ्याने गोंधळून शेजारच्या पदराकडे बघितलं. म्हणाला, "बाई, ही माझ्याहून दोनेक वर्षं मोठीच असंल."

मला वाटलं, वर तोंड करून थट्टा करतोय! मी पुढे झाले आणि रमिलाचा हात घट्ट धरला. "चल रमिला! घाबरू नकोस, मी आहे!" आणि ओढलं.

बिचारी दचकली. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग डोळे मिटून, पोटातून, "नाय! सोडा मला! सोडा!" हाताला हिसडा दिला, पळाली आणि थेट हवालदारांपुढे जाऊन उभी. "साहेब, या मला ओढत्यात!"

ओरडा, पळा, सांगा! एक पायरी चुकली नाही! आणि मागून माझा नववीचा वर्ग एका सुरात, "सोडा! सोडा! सोडा!"

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तक्रार तुमच्यावरच येतेय. काय करू?"

एवढ्यात नवरीने पदर वर केला. चाळिशीची बाई. ही लाडकीबाई, रमिलाची आई. पालक सभेला पहिल्या रांगेत बसणारी! "बाई, पोरीला कुठं नेता? करवली हाय ती माझी, माझीच उष्टी हळद लागली तिला."

भाऊसाहेबांच्या लक्षात अजून काही आलं नव्हतं. त्यांनी कडक आवाजात विचारलं, "नवरीचं वय काय?"

"अठरा तर झाली असतील साहेब," लाडकीबाई म्हणाली, "मोठं पोरगंच एकवीसचं हाय."

मांडवात असा हशा पिकला, की काय सांगू! म्हातारी माणसं पोट धरून खाली बसली. हवालदार टोपीआड तोंड लपवून हसत होते. मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं!

अहो, इथली रीतच आहे. लग्न म्हणजे मांडव आला, गावजेवण आलं, खर्च आला. म्हणून जोडपी आधी संसार मांडतात, लग्न मागून, जमेल तेव्हा. त्यात कुणी कुणाला नावं ठेवत नाही. पोराचं लग्न काढायची वेळ आली, की आधी आईबापाचं उरकून घेतात. आणि मला हे माहीत नव्हतं का? जन्म डहाणूतला माझा! शंभरदा ऐकलं होतं. पण डोक्यात कायदा असा शिरला होता, की शेजारी दुसऱ्या कशाला जागाच उरली नव्हती.

लाडकीबाई मात्र हसत नव्हती. तिने माझा हात धरला. "बाई, लगीन मोडलं का चाललं ते सांगा. ह्यांना परत बोटीवर जायाचं हाय. पोराला हळद लावायची तर माझ्या अंगाला आधी लागाया नको? इतकी वर्षं थांबली मी."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आपण कुणाचं आयुष्य वाचवायला आलो होतो आणि कुणाचा सुखाचा दिवस मोडत होतो! मी सगळ्यांसमोर कान धरले. "चुकलं माझं. चालू द्या. मीपण थांबते."

धवलेरी फणकारली, "मधी तोडलेलं मी पुढून नाय म्हननार. पयल्यापासून!" झालं! त्या उन्हात अख्खं गाव माझ्यामुळे पुन्हा पहिल्यापासून उभं राहिलं. फक्त अधूनमधून कुणाला तरी आठवायचं आणि मांडवाच्या एका कोपऱ्यातून खिक् असा आवाज यायचा.

शेवटी अक्षता टाकल्या. हवालदार माझ्याजवळ वाकून म्हणाले, "मॅडम, अहवाल लिहू की जेवू?" दोघेही पोटभर जेवले. भाऊसाहेबांनी तर भात दोनदा मागून घेतला. मला लाडकीबाईने आपल्या शेजारी बसवून वाढलं. नाही म्हणायची हिंमत कुठली!

सोमवारी वर्गात गेले. कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. म्हटलं, आपणच विषय काढावा.

"रमिला, तू परवा ओरडलीस ते अगदी बरोबर केलंस. शाबास! पण मला एक सांग, मी 'कुणाचं लग्न' विचारलं, तेव्हा आईबाबांचं म्हणून सांगायचं की गं!"

"लाज वाटली मॅडम."

"मग तू लाजून गप्प बसलीस, म्हणून मी समजले तुझंच!"

रमिला उभी राहिली. फळ्याकडे बघितलं. ते वाक्य मी कुणाला पुसू दिलं नव्हतं, तसंच्या तसं होतं. तिने बोट केलं आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "पन मॅडम, तुम्हीच लिवलंय ना, गप्प बसनं म्हंजे 'हो' नव्हं?"

मग काय! मी गप्प बसले. आणि अख्ख्या वर्गाने त्याचा अर्थ "हो" असाच घेतला.