कोंडिबाचा लाल पुठ्ठा

बेंबळीच्या कोंडिबानं साठ वर्षांत कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. शिवशरण किराणावाल्यानं हाक मारली की पोतं ह्याच्या पाठीवर, तेही फुकट! त्याचा लेक गुलाब मात्र विमानतळावर रेडिओच्या नोकरीला लागला होता, आणि शहाऐंशीच्या दुष्काळात रजेवर आला तो डोक्यात एक खूळ घेऊनच.

विमान किती उंचीवर न्यायचं ते वैमानिकाला रेडिओवर तोंडी सांगण्याऐवजी यंत्रानं लिहून धाडलं तर? खरखरीत ऐकण्याची चूकच नको. हे करून दाखवायला साहेबांनी सोमवारची दहा मिनिटं दिली होती. तिथं फसलं की कल्पना बासनात. म्हणून तालीम! कोरड्या पाझर तलावात गुलाबनं चुन्याच्या पाच रेघा मारल्या. रेघ म्हणजे उंची, माणूस म्हणजे विमान, एका रेघेवर दोघं आले की अपघात. सकाळी दूध सोसायटीत दूध घालून कोंडिबा आणि शिवशरण विमानं व्हायला आले. विमानं दिसू नयेत म्हणून गुलाब पाठ फिरवून बसला. आई पुतळाबाई रेघेच्या आकड्याच्या चिठ्ठ्या नेणार आणि उत्तराचा हिरवा पुठ्ठा आणणार. हिरवा म्हणजे 'करतो'.

काय झकास चाललं होतं! शिवशरणला तीनवरून दोनवर धाडलं, हिरवा आला. कोंडिबाला तीनवर धाडलं, हिरवा आला. गुलाब हरखून वळला, तर दोघं तीनवर छातीला छाती लावून उभे. हिरवा दिल्यावर शिवशरणच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो तीनवरून हललाच नव्हता.

"आबा, काका समोर दिसत होते न्हवं? मग हिरवा का धाडला?"

"तू सांगितलंस, म्या व्हय म्हणलं. न्हाय कसं म्हणायचं असतंय?"

गुलाब आधी चिडला, मग ताडकन उडालाच. रेडिओवर वैमानिक ओरडला असता. आपण त्याला नकाराची सोयच ठेवली नव्हती! त्यानं वहीचा लाल पुठ्ठा फाडला. "आबा, हा 'जमणार न्हाय'चा. काका, तुम्ही मुद्दाम अडून राहा."

कोंडिबा आपल्या आधीच्या रेघेवर परतला आणि पुन्हा 'तीन'ची चिठ्ठी गेली. पुतळाबाई पळत आली, हातात लाल! पोरगं आईला धरून नाचलं. सोमवार आता त्याचा होता.

घरी परतताना सोसायटीच्या दारात शिवशरणनं सवयीनं हाक मारली, "कोंडिबा, तेवढं पेंडीचं पोतं दुकानात टाक."

कोंडिबा वाकला. मग थांबला. बायकोच्या हातातला लाल पुठ्ठा घेऊन त्यानं तो वर धरला. हात खाली आला नाही. शेवटी शिवशरणच पोतं स्वतःच्या खांद्यावर घेऊन गेला.

"आबा, द्या तो," गुलाब म्हणाला. "सोमवारी लागंल."

"तुला दुसरा कर," कोंडिबानं पुठ्ठा बंडीच्या खिशात घातला. "ह्यो माझा हाय."