अक्कलकोटच्या रस्त्यावरचा युनूस

युनूस गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर नुकतंच वर सारत होतो. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं वह्या-पेनांचं लहानसं दुकान आहे. फोन त्याच्या मुलाचा, इम्रानचा. "मल्लूकाका, अब्बा गेले," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. खरं सांगतो, मला आधी रागच आला. आदल्या रविवारी हा माणूस माझ्या स्कूटरच्या पुढे पळत अक्कलकोट रोडवरच्या कुंभारीपर्यंत जाऊन आला होता, आणि वर मलाच विचारत होता, "काय बे, पेट्रोल संपलं का तुझं?" असा माणूस जातो कसा? सकाळी कांदा चिरता चिरता जो खाली बसला तो उठलाच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले.

याला आता महिना उलटून गेला. दुकानात येणारा जो तो मान हलवत मला सांगतो, "फार पळायला लागला होता हो. वय काय, करतो काय!" पहिल्या दोघातिघांना मी समजावलं. आता समजावत नाही. गिऱ्हाईक असलं तरी तोंडावर सांगतो, बाबा रे, तुला काय घ्यायचं ते घे आणि नीघ. पळण्यानं युनूस मेला नाही. त्याच्या डॉक्टरांनीच मला सांगितलं की पळाला नसता तर कधीच गेला असता. मधली ती सगळी वर्षं त्यानं स्वतःच्या पायांनी मिळवली होती. ती कशी मिळवली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर लिहिणं हा आपला प्रांत नव्हे. आपण वह्या विकतो.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. तेव्हाही बाक त्याच्या बाजूनं खाली जायचा. मोठा झाल्यावर तो वडिलांच्याच कामाला लागला. लग्नातल्या बिर्याणीचा आचारी. दोन माणसांना उचलेना अशी तांब्याची देग, त्याखाली लाकडं, वर झाकणावर निखारे आणि शेजारी खुर्चीवर पसरलेला युनूस... सोलापुरातल्या किती घरांच्या आठवणीत तो असाच असेल. वजन एकशे तीसच्या घरात. पण त्याच्या धंद्यात ते वजन म्हणजे दुकानावरची पाटी होती. "बारीक आचाऱ्याच्या हातचं कोण खाणार बे?" असं म्हणून तो पोटावरून हात फिरवायचा. मीही काही सुतळी नव्हतो, आजही नाही. आम्ही दोघं एका स्कूटरवर बसलो की ती बिचारी रडायची, आणि आम्ही हसायचो.

ते हसणं त्याची आई गेली त्या दिवशी थांबलं. अम्मी अक्कलकोटला, त्याच्या थोरल्या भावाकडे असायच्या. मीही गेलो होतो. उन्हाळ्याचे दिवस, दुपारच्या नमाजनंतर जनाजा निघाला. जनाज्याला जो तो खांदा द्यायला धावतो. चार पावलं चालायचं, मागच्याला जागा द्यायची, पुन्हा फिरून यायचं. युनूसनं आईला खांदा दिला आणि गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत त्याचा श्वास संपला. तोंड उघडं, डोळे पांढरे, पाय अडखळायला लागले. जनाजा एका अंगाला कलला तसं कुणीतरी हळूच त्याच्या खांद्याखालून दांडा काढून घेतला. एका रिक्षावाल्यानं त्याला आत बसवलं आणि पुढे कब्रस्तानच्या दाराशी नेऊन सोडलं. बाकीचे लोक आईला घेऊन पायी येईपर्यंत हा तिथं दगडावर एकटा बसून होता. परत येताना एसटीत माझ्या शेजारी बसून म्हणाला, "मी अम्मीच्या आधी पोचलो बे, मल्लू. पाहुण्यासारखा पुढं जाऊन बसलो." मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मला बघवेना.

त्यानंतर त्यानं वजन उतरवलं. हे एका वाक्यात लिहून मोकळं होता येतं, पण त्याला दोन वर्षांहून जास्त लागली. रोज बिर्याणी रांधणाऱ्या माणसानं भात सोडला, यातच सगळं आलं. स्वतः ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि वाडगाभर ताक. देगेची चव घ्यायला मेहुण्याला उभा करायचा. सकाळी होम मैदानावर चालायचा, आधी एक चक्कर, मग थांबत थांबत दोन. साठ किलो उतरले, म्हणजे एक आख्खा माणूस अंगावरून खाली ठेवला! आणि गंमत अशी, की त्यानं भाकीत केलेलंच खरं झालं. गिऱ्हाइकं बिचकायला लागली. "आजारी आहेत का हो? शुगर आहे का?" एका मुलीच्या बापानं ठरलेलं काम मोडलं आणि सरळ सांगितलं, तुमच्याकडं बघून पाहुण्यांची भूक जाईल. शेवटी लग्नातल्या जेवणाची बोलणी करायला तो आपल्या जाडजूड मेहुण्याला पुढे बसवायचा आणि स्वतः मागे पाणी द्यायचा. घरी येऊन आम्हाला त्याची नक्कल करून दाखवायचा. त्याची बायको, शबानाभाभी, पदरात तोंड घालून हसायच्या.

एका सकाळी दुकानात येऊन म्हणाला, "आता अक्कलकोट."

"कधीची एसटी?"

"पायानं. पळत."

"चालत जा की. स्वामींकडं लोक जातात तसं."

"चालत नाही बे," तो म्हणाला. "त्या दिवशी जो श्वास पुरला नाही ना, तो आता कुटवर पुरतो ते मला बघायचंय."

अक्कलकोट म्हणजे चाळीस किलोमीटरला थोडं कमी. मी त्याला वेड्यात काढलं आणि रविवारी पहाटे स्कूटर घेऊन हजर झालो. सुरुवात विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. तेवढ्यातही पोटाचं लोंबतं कातडं हेलकावे खायचं आणि मांड्यांना घासून रक्त काढायचं. इतकं वजन उतरलं की कातडं काही बरोबर जात नाही, ते मागं राहतं, हे मला तेव्हा कळलं. त्यानं काय केलं, आपला सोलापुरी पंचा पोटावर घट्ट गुंडाळला, वर सदरा घातला, आणि निघाला. पहिल्या महिन्यात जोशात सुसाट पळायचा आणि नडग्या धरून बसायचा. मग स्वतःच म्हणाला, चुलीत एकदम लाकूड सारलं की खालचं करपतं आणि वरचं कच्चं राहतं. तेव्हापासून त्यानं आपला एक नियम केला. पळता पळता मला एक सबंध शिवी देता आली पाहिजे. शिवी मध्येच तुटली की वेग जास्त झाला, कमी करायचा. त्यामुळे पुढची काही वर्षं दर रविवारी अक्कलकोट रोडवर मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या कुणी जन्मात खाल्ल्या नसतील. आणि आज त्यातली एखादी ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

चुकाही त्याच्या त्यालाच शोभतील अशा. पहिल्यांदा अर्ध्या वाटेवरच्या वळसंगपर्यंत जायचं ठरलं, तर हा पठ्ठ्या निघताना वाडगाभर पायाचं सूप पिऊन आला. मी कपाळावर हात मारला. त्याचं म्हणणं, "बकरी डोंगर चढते ती पायावरच ना? लई ताकद असते." कुंभारीच्या पुढे सगळी ताकद रस्त्याच्या कडेला उलटून पडली आणि मी त्याला स्कूटरवर घालून घरी आणलं. पण पुढच्या रविवारी तो पुन्हा त्याच जागी होता. मग हळूहळू अंतर वाढत गेलं. एक रविवार थोडं जास्त, दुसरा रविवार कमी, मध्ये गुडघ्यानं चार महिने खाल्ले. रमजान आला की पळणं बंद. ईदनंतर बघावं तर श्वास आखूड, पाय जड, आणि हा पुन्हा पहिलीच्या वर्गात. दरवर्षी हे व्हायचं. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, कमावलेलं सगळं जातंय, तुला काही वाटत नाही?" तो बुटाची नाडी बांधत होता. "रस्ता तर तिथंच हाय की," म्हणाला, आणि चालू लागला. मी त्याच्या मागे स्कूटरवर बसून होतो आणि मला स्वतःची लाज वाटत नव्हती, फक्त थक्क व्हायला होत होतं. आपल्याबरोबर गल्लीत गोट्या खेळलेल्या पोरामध्ये हे कुठं लपून बसलं होतं?

शेवटी एका हिवाळ्यात तो दिवस आला. उजाडता उजाडता आम्ही निघालो. कुंभारी मागं पडली, वळसंगला एका दारातल्या म्हातारीनं कन्नडमध्ये "बर्री, कूडरी" म्हणत या-बसा केलं, त्यानं नुसता हात हलवला. त्याच्या पुढचा रस्ता आम्ही पळत कधी केलाच नव्हता. ऊन वर आलं. शिव्या आधी लहान झाल्या, मग बंद पडल्या. मी म्हणालो, वेग कमी कर, तर म्हणाला, "कमीच हाय बे... ह्याच्या खाली चालणं हाय." ओठ पांढरे पडलेले, सदऱ्यावर मिठाचे पट्टे. मी लिंबूपाणी पुढे करत होतो आणि मनातल्या मनात त्याच्या अल्लाला आणि आमच्या सिद्धरामेश्वराला एकदमच साकडं घालत होतो.

अक्कलकोटची घरं दिसायला लागली. कब्रस्तानकडे जाणारा रस्ता आला आणि आम्ही बघतो तर पुढे एक जनाजा चालला होता. कुणाचा ते आम्हाला ठाऊक नव्हतं, पुढंही कळलं नाही. वीसेक माणसं असतील. कडेनं जागा होती, चार उड्यांत तो पुढे गेला असता. कब्रस्तानचं दार समोर दिसत होतं. एवढी वर्षं ज्याच्यासाठी झिजवली ते ठिकाण हाताच्या अंतरावर... आणि युनूस थांबला. पळता पळता एकदम चालायला लागला. खिशातला रुमाल डोक्याला बांधला, लोकांत मिसळला आणि खांदा दिला. कुणी ओळख विचारली नाही. तिथं कुणी विचारत नाही. चार पावलं चालला, मागच्याला जागा दिली, फिरून आला, पुन्हा खांदा दिला. मी स्कूटर बंद करून ढकलत मागे चालत होतो. त्याचे पाय थरथरत होते, मला मागून दिसत होते, पण दांडा एकदाही कलला नाही.

त्या अनोळखी माणसाला माती देऊन तो अम्मीच्या कबरीपाशी गेला. हात पसरून बराच वेळ उभा राहिला. मी लांब लिंबाखाली होतो. परत आला तेव्हा चेहऱ्यावर घाम कुठला आणि डोळ्यांतलं पाणी कुठलं ते कळत नव्हतं. मला म्हणाला, "आज मागून आलो बे." मी भर रस्त्यात त्याला मिठी मारली. त्याच्या अंगाला घामाचा उग्र वास येत होता आणि मी त्याला सोडत नव्हतो.

त्यानंतरही तो पळत राहिला, लांबलांबची अंतरं पळाला, दोनदा बाहेरगावच्या शर्यतींतून पदकं घेऊन आला. ती पदकं घरी खिळ्याला टांगलेली आहेत, ज्यांना बघायची त्यांनी बघावीत. मला तो एकच दिवस पुरतो.

युनूसचा जनाजा त्याच्या घरून निघाला तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मीही खांदा दिला. चौकापर्यंत मला धाप लागली, छाती भात्यासारखी हलायला लागली, गुडघा बोलायला लागला. इम्राननं ते पाहिलं. गुणी पोरगा, बाप खांद्यावर असताना माझ्याकडं लक्ष! त्यानं मोटरसायकलवाल्या एका मित्राला हाक मारली आणि म्हणाला, "काका, तुम्ही गाडीवर बसा. हा तुम्हाला पुढं नेऊन सोडतो, तिथं सावलीत थांबा."

"नको बाळा," मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं. मी मागून येतो."

लोक पुढे गेले. मी भिंतीला हात लावत, थांबत, पुन्हा चालत गेलो. कब्रस्तानात पोचलो तेव्हा कबर जवळजवळ भरली होती आणि माणसं परतायला लागली होती. इम्राननं मला येताना पाहिलं आणि फावडं थांबवलं. मी खाली वाकलो, मूठभर माती घातली, आणि श्वास पुरेल तेवढी, त्याच्याच नियमाप्रमाणे, त्याला एक सबंध शिवी दिली.