वासिलाची फोटोंची पेटी

गुरुवार, १४ जून २००७. सकाळपासून दक्षिणेकडचा गरम वारा. खिडक्या लावून घेतल्या. डोळ्यांचे थेंब संपले, औषधांचं दुकान बंद. संध्याकाळी वासिला कागद घेऊन खाली आली. लिऑन शहरात राहणाऱ्या तिच्या भाच्याने दोन यंत्रांची माहिती पाठवली आहे, त्यातलं एक निवडायचं. आठला त्याचा फोन.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. बाकीचं आठवेल तसं लिहिते.

वासिला माझ्या वरच्या मजल्यावर राहते. पन्नाशी उलटलेली, लग्न केलं नाही. आमच्या त्लेमसेन गावातल्या लग्नांत बायकांच्या बाजूचे फोटो ती काढते. तिथे पुरुषाचं पाऊल पडत नाही. नवरी एकामागून एक सात पोशाख बदलून उघड्या डोक्याने बसते, मैत्रिणी नाचतात. वासिलाचा नियम पहिल्या लग्नापासून एकच: जे काढलं ते नवरीच्या आईच्या हातात. रोलचा कॅमेरा होता तेव्हा ती घरच्या मोरीत अंधार करून रोल धुवायची, फोटो छापायची आणि निगेटिव्हसकट सगळं पाकिटात घालून पोचवून यायची. म्हणून तर घरोघरची बोलावणी तिला. तीस वर्षांत शेकडो नवरी मुली टिपल्या, पण तिच्या घरात त्यांतली एकही नाही. भिंतीवर फक्त बेकरीचं कॅलेंडर.

नवीन कॅमेरा आला आणि मोरीतलं काम संपलं. कॅमेऱ्याचं कार्ड मात्र पाचव्या पोशाखालाच भरायचं. तेव्हा भाच्याने सुचवलं की हातात मावणारी एक पेटी मिळते. कार्ड तिच्यात खोचलं की फोटो पेटीत जातात आणि कार्ड पुन्हा मोकळं होतं. मग नवरीच्या घरच्या कॉम्प्युटरवर फोटो उतरवायचे, पेटीतले ते तिथेच पुसायचे आणि घरी यायचं.

कागद फ्रेंचमध्ये होता. वासिला बाराव्या वर्षी शाळेतून निघाली, मी फ्रेंच नन्सच्या शाळेत शिकले. म्हणून वाचायचं काम माझं. एका पेटीला तळहाताएवढी स्क्रीन होती, आतले फोटो बघता यायचे. पण जागा कमी आणि चार्जिंग दोन तासांत खलास. दुसरी नुसती बंद पेटी, एक हिरवा दिवा. जागा दुप्पट, वेगही जास्त.

"दुसरी घे," मी म्हणाले.

"पण मावशी, तिच्यात दिसत काहीच नाही."

"दिसायचंय काय? कॅमेऱ्यातून बघितलेलंच असतं की तू."

"आईचे आहेत ना."

तिची आई यमीना फेब्रुवारीत गेली. जानेवारीत वासिलाने तिचे अकरा फोटो काढले होते. डोक्याचा रुमाल सोडलेला, मेंदीने लाल झालेले विरळ केस खांद्यावर. उघड्या केसांचे, म्हणून दुकानात छापायला देता येत नव्हते. ते कार्ड तिने बाजूला ठेवलं होतं आणि उरलेल्या दोन कार्डांवर लग्नं ओढत होती.

"आधी आईला पेटीत ठेव," मी म्हणाले. "सुरक्षित राहील आणि कार्डही मोकळं होईल."

तिने ऐकलं. कागद वाचणाऱ्याचं म्हणणं माणसं ऐकतात.

आई गेल्यापासून दर शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसायची. वरच्या खोलीत बसवत नाही म्हणायची. मी पेपर वाचून दाखवायचे, ती फरसबी निवडायची.

पेटी आली. जुलैत हाजा रबियाच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. त्या घरात कॉम्प्युटर वापरता येणारी बाई म्हणजे एकटी नवरी, आणि ती तर त्याच रात्री सासरी गेली. आठवड्याने नवऱ्याबरोबर कॅनडाला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वासिला माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पिशवीत कॅमेरा होता, पेटी नव्हती.

"हाजा म्हणाल्या, दाखव आत काय आहे ते. मी म्हटलं, हिच्यात दिसत नाही. म्हणाल्या, माझी मुलगी कुठेय? म्हटलं, हिच्यात. मग म्हणाल्या, मुलगी हिच्यात असेल तर पेटी इथंच राहील. निगेटिव्ह ठेवून जायचीस ना? तसंच."

"आणि तू ठेवलीस?"

"नियम माझाच ना मावशी."

"अगं, आईचे फोटो आहेत असं सांगायचंस!"

"शंभर बायकांसमोर?"

रविवारी आम्ही दोघी हाजाकडे गेलो. तिने कॉफी आणि काक, म्हणजे कड्यासारखी गोल बिस्किटं, पुढे केली. काक कडक होते, माझ्या दातांना झेपेनात.

"या, नन्सच्या शाळेतल्या बाई! आज वकील होऊन आलात वाटतं?"

मी सगळं सांगितलं. हाजाचा चेहरा उतरला.

"पोरी, बोलली का नाहीस गं? पण मी तरी काय करू? कॉम्प्युटर आहे तो माझ्या मुलग्यांचा. त्यात माझी मुलगी जायची नाही. शेजारणीच्या कॉम्प्युटरवर लावलं तर तिथंच राहणार, या यंत्रांचं पोट कुणी पाहिलंय?" ती उठली, कपाटातून जरीच्या काफ्तान झग्याखालची पेटी काढून तिने वासिलाच्या मांडीवर ठेवली. "जा घेऊन. तुझ्यावर विश्वास आहे माझा."

वासिलाने पेटीवरून एकदा हात फिरवला आणि ती परत दिली.

"नको हाजा. नवरी माझ्या घरी नेली असं एकदा झालं की संपलं. उद्या मला कोण बोलावील?"

"आणि आई?"

"राहू दे तुमच्याकडे."

घरी येताना एकच गोष्ट मनात घोळत होती. दुसरी पेटी घे असं सांगणारी मीच होते.

त्या रात्री तिने भाच्याला फोन करून स्क्रीनवाली मागवली. कागद पुन्हा वाचताना मला खालच्या बारीक अक्षरांत सापडलं होतं की स्क्रीनवाली दुसऱ्या पेटीला वायरीने जोडता येते, मधे कॉम्प्युटर लागत नाही. जूनमध्ये ती ओळ मी वाचलीच नव्हती.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी हाजाच्या बैठकीत दोन्ही पेट्या जोडल्या. मी पुस्तिका वाचत गेले, वासिला बटणं दाबत गेली. आईचे फोटो आधी घातले होते, म्हणून फक्त पहिला कप्पा उचलायचा होता. हाजा चष्मा लावून अगदी जवळ बसली होती, आपली मुलगी चुकून पलीकडे जाते की काय ते बघत. स्क्रीनवर यमीना आली.

"मेंदी छान चढलीये," हाजा म्हणाली. "कुणी लावली?"

"मी."

जुनी पेटी हाजाकडेच राहिली. नवीत अकरा फोटो, बाकी सगळी मोकळी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. वासिला आली नाही. पुढच्या शुक्रवारीही सातपर्यंत वाट पाहिली, मग फरसबी घेऊन मीच जिने चढले. दार उघडंच होतं. ती आईच्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, पेटी गुडघ्यांवर, वायर भिंतीतल्या प्लगमध्ये.

"या ना मावशी, बसा. हे बघितलंत? खिडकीपाशी आहे ती."

मी बघितलं. अकराही बघितले. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती बरी दिसत होती, कितीतरी महिन्यांनी. मी पेपर नेला होता, तो उघडलाच नाही. थोड्या वेळाने मी उठले. ती म्हणाली, "सावकाश उतरा हं." नजर स्क्रीनवरच होती.

खाली येऊन फरसबी एकटीने निवडली आणि वही उघडून एवढंच लिहिलं.

शुक्रवार, ७ सप्टेंबर. नळाला पाणी सकाळी सहाला आलं, साडेसातला गेलं. दोन्ही टाक्या भरल्या.