सासूचा हात

कोकण रेल्वे नवी होती, तेव्हा मी बदलीवर मालवणात होते. रोज जिच्याकडून मासे घ्यायचे, तिचं नाव कधी विचारलंच नाही. ती चहा उजव्या हातानं प्यायची, मासा मात्र डाव्या हातानं कापायची, तोही झरझर. मला वाटायचं, हे रक्तातच असणार.

एकदा विचारलं, "तुझी आई अशीच कापायची का गं?"

"आवस माझी कुडाळाकडची, शेतावरची. तिका मासो कापूक खंय येता? सासू माझी डावखुरी. तिचा बघून बघून मी डाव्यानच शिकलंय."

"सासू हसली असेल!"

तिची सुरी थांबली.

"हसली नाय गो बाय, रडली. म्हणाली, माझ्या पोटच्या चेडवांक माझो हात इलो नाय, तुका इलो."