नामपूरची चेसी

शाळेच्या ऑफिसात हयातभर कारकुनी केलेल्या बाईने निवृत्तीनंतर भजनी मंडळात जावं, फार तर उन्हाळ्यात पापड लाटावेत, अशी आमच्या कॉलनीची अपेक्षा. मी जुनी पिकअप दुरुस्त करायला काढली. शेजारच्या काकूंनी तोंडावर विचारलं, "हौस म्हणायची की खूळ?" मी म्हटलं, "दोन्ही."

गाडी माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग. त्या गाडीतून खत आलं, फवारणीच्या औषधाचे ड्रम आले, द्राक्षांचे क्रेट बाजाराला गेले आणि माझ्या लग्नाचं रुखवतही नाशिकला त्याच गाडीतून आलं. मी अठरा वर्षांची झाले तेव्हा अण्णांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. चुलते म्हणाले, पोरीला कशाला? अण्णा म्हणाले, "क्लच तिच्या पायाला पोचतो, तेवढं बास." भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तो तेव्हा मागे हौद्यात क्रेटवर बसायचा. ही आठवण काढलेली त्याला आवडत नाही, म्हणून मी ती वरचेवर काढते.

आई आधी गेली, मग अण्णा गेले. शेताच्या सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली. गाडी अण्णांच्याच नावावर राहिली, कारण ती बंद पडलेली होती आणि बंद गाडीच्या कागदांसाठी कोण हेलपाटे घालणार? भावाने पॅकहाउसमागची जागा काँक्रीट करायला घेतली तेव्हा त्याचा फोन आला. "ताई, ते धूड नेतेस का? नाहीतर परवा भंगारवाला येतोय." दुसऱ्या दिवशी मी क्रेन घेऊन दारात हजर. क्रेनवाल्याला वाटलं, मी अपघाताच्या क्लेमसाठी आलेय.

गाडी गेली नाशिकला, वडाळा नाक्याजवळच्या एका मेस्त्रीच्या शेडमध्ये. मेस्त्री साठीचा, कमी बोलणारा. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "ताई, हिचं सामान आता बनत नाही. अशीच दुसरी गाडी शोधा, कापायला. एक मारायची, एक जगवायची."

मग मी मारायला गाडी शोधत फिरले. कळवणला एक सापडली, तिचं नुसतं बोनेट शिल्लक होतं आणि त्यावर वाल चढवले होते. शेवटी नामपूरला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कांदाचाळीशेजारी हवी होती तशीच सापडली. टायर जमिनीत रुतलेले, इंजिन जाम, ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. त्या म्हाताऱ्या बाबांनी आधी कोंबडी हलवली, मग माझ्याशी बोलले.

मी सांगून टाकलं की मला गाडी चालवायची नाही, पार्ट हवेत, कागदांची काही गरज नाही. बाबा हटून बसले. "कागद बिगर मी बकरी बी देत नही, माय. हाई तं गाडी शे." उद्या या गाडीने कुणाला उडवलं तर पोलीस माझ्या दारात येतील, असं त्यांचं म्हणणं. जी गाडी जागची हलत नाही ती कुणाला उडवणार, हे मी त्यांना तीन प्रकारे समजावून पाहिलं. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आरसी बुक काढलं, फॉर्मवर सह्या केल्या आणि आरटीओत दोनदा स्वतः बरोबर आले. गाडी माझ्या नावावर झाली तेव्हा कुठे त्यांनी ती क्रेनला लावू दिली. मी दोन्ही वेळा आरटीओच्या रांगेत मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडली.

आता शेडमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. नामपूरच्या गाडीत जिथे हात घालावा तिथून कांद्याची टरफलं निघायची. मी रोज सकाळी डबा घेऊन जायची, रॉकेलमध्ये नटबोल्ट धुवायची आणि घरी येऊन गाढ झोपायची. इतकी सुखाची झोप मला नोकरीत कधी लागली नव्हती.

हे भावाला कळलं. तो नाशिकला आला, चहा घेतला आणि कामाचं बोलला. त्याला शेतात कोल्ड स्टोरेज बांधायचं होतं. त्यासाठी सातबारा एकट्याच्या नावावर हवा, म्हणजे मी हक्कसोडपत्र करून द्यायचं. आमच्याकडे बहिणी ते करून देतात. न करणारीला माहेर राहत नाही, असं कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येकीला ते ठाऊक असतं. मीही आज ना उद्या सही केलीच असती. पण तो पुढे म्हणाला, "अण्णांची गाडी अण्णांच्या नावावर आहे, ताई. ती रस्त्यावर आणायची तर वारस म्हणून माझी सही लागेल. तू जमिनीवर कर, मी गाडीवर करतो. एकाच दिवशी उरकून टाकू."

मला राग आला. जमिनीचा राग नव्हता तो. अण्णांनी ज्या स्टिअरिंगवर मला बसवलं, ते स्टिअरिंग याने सौद्यात घातलं, याचा राग होता. दोन महिन्यांपूर्वी ज्याला धूड म्हणत होता त्याच्या बदल्यात हा माझा अर्धा हिस्सा मागत होता. आणि लाज अशी की मी नाही म्हणाले नाही. "गाडी उभी राहू दे, मग बघू," एवढंच म्हणाले. मला ती गाडी हवी होती. त्याला ते पुरतं कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात मेस्त्रीने बोलावलं. अण्णांच्या गाडीचा हौदा उतरवला होता, खाली चेसी, म्हणजे गाडीचा कणाच, उघडी पडली होती. त्याने हातोडीने ठोकून दाखवलं. मागच्या बाजूला हातोडी सरळ आत गेली. इतकी वर्षं खताच्या गोण्या वाहिल्या, खताने लोखंड खाल्लं होतं. "नामपूरची बघा," म्हणत त्याने शेजारी ठोकलं. घंटेसारखा खणखणीत आवाज आला. कांदा कोरडा असतो, तो लोखंडाला काही करत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग उलटं करा. नामपूरवाली जगवा. तुमची कापा."

मी त्याला बरंच बोलले. अण्णांची गाडी कापायला आणली होती का मी, वगैरे. त्याने ऐकून घेतलं आणि विडी पेटवली. मी रिक्षा करून घरी आले आणि चार दिवस तिकडे फिरकले नाही. चार दिवस घरात भांडी आपटली, आमच्या ह्यांनी बिचाऱ्यांनी दोनदा स्वतःच चहा करून घेतला.

पाचव्या दिवशी लाइटबिल शोधायला फाइल काढली आणि नामपूरच्या गाडीचे कागद हाताला लागले. मालकाच्या रकान्यात माझं नाव. मी तिथेच जमिनीवर बसले. गाडीची ओळख चेसीच्या नंबरावर असते, आणि ती चेसी माझी होती. भावाची सही कुठेच लागणार नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या बाईला हे कळायला चार दिवस लागले! ज्या बाबांच्या नावाने मी बोटं मोडली होती त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

शेडमध्ये गेले. मेस्त्रीला विचारलं, इंजिनालाही नंबर असतो, त्याचं काय? तो म्हणाला, "नंबर बाहेरच्या ब्लॉकवर असतो, ताई. ब्लॉक नामपूरचाच ठेवू. आतल्या सामानाला नंबर नसतो." मी म्हटलं, "पाना द्या." अण्णांच्या गाडीचा पहिला बोल्ट मीच खोलला. रडले, खोटं कशाला सांगू, पण हात थांबवला नाही. पिस्टन, क्रँक, गिअरबॉक्स, दोन्ही दरवाजे, मागचा फाळका आणि ते स्टिअरिंग, सगळं तिकडे चढलं. उरलेला सांगाडा भंगारात गेला, मी तो जाताना पाहायला थांबले.

दिवाळी झाली, गाडीचं पासिंग झालं आणि मी भावाला फोन केला, "बोल, कधी?" त्याने निफाडच्या नोंदणी कार्यालयाची वेळ घेतली. मी नाशिकहून स्वतः चालवत गेले. हायवेवर मागचे टेम्पो हॉर्न मारत होते, मारू दिले.

भाऊ फाटकात उभा होता. एका हातात कागदांची फाइल, दुसऱ्या हातात साडीची पिशवी. हक्कसोड करणाऱ्या बहिणीला भाऊ साडी देतो, तशी रीतच आहे. गाडी पाहून त्याचा चेहरा खुलला. फाळक्यावरून त्याने हात फिरवला. मग त्याची नजर नंबरप्लेटवर गेली.

"हा नंबर अण्णांचा नाही."

"नाही. ही गाडी माझी आहे. तुझी सही नको मला."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो लालबुंद झाला. "आणि जमीन? कोल्ड स्टोरेजचं काय?"

"बांध की. माझा हिस्सा धरून बांध. दोघांच्या नावावर बांध. क्रेट मोजायला मी येईन."

"ताई, लोक काय म्हणतील? माहेर तोडतेस तू."

"मी काही तोडत नाही. फक्त सोडत नाही."

आत कारकुनाने आमचा नंबर पुकारला, दुसऱ्यांदाही पुकारला. भाऊ पिशवी धरून तसाच उभा. ती पुढे करावी की मागे घ्यावी, त्याला कळेना. मला त्याची दयाही आली, मोठी बहीण आहे मी त्याची.

"आण इकडे," मी म्हणाले. "साडी बहीण म्हणून घेते."

पिशवी त्याच्या हातातून घेतली, शेजारच्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली. सही मी अजून केलेली नाही.